तीस वाजून नऊ मिनिटं

शाहूपुरीत, गुळाच्या वखारींमागे आमचा छापखाना.
अजून न आलेलं वर्ष इथे माझ्या टेबलावर येतं,
प्रिंटरच्या उबेत, थोडं वाकडं कापलेलं,
आणि मी लाल पेनानं त्याच्या चुका काढते.

तिथी, वार, नक्षत्र, योग, करण.
एका दिवसाला पाच नावं,
आणि कोण किती वाजेपर्यंत, ते वेगळं.
वार तेवढा साधा. उजाडलं की येतो, उजाडलं की जातो.
बाकीचे भरदुपारी नाहीतर मध्यरात्री उठून चालू लागतात,
गंगावेशीला एसटीतून एक बाई उतरावी
आणि गरम सीटवर दुसरीनं टेकावं, तसं.
दस्तगीर मुजावर आकडे भरतो. सतरा वर्षं झाली.
विष्टी आली की म्हणतो, "ताई, आज तुमची भद्रा, जपून."
चंद्र त्याच्याही घरचा आहे,
फक्त तो डोळ्यांनी बघून मोजतो, आम्ही कोष्टकानं.

आज पौष वद्याचं पान.
सप्तमी ७।११ पर्यंत.
कोल्हापूरचा सूर्योदय ७।०५.
पुढे बारीक टायपात: अष्टमी क्षय, ३०।०९ पर्यंत.

म्हणजे आबांची तिथी.

उगवतीला जी हजर, दिवस तिचा; एवढाच कायदा.
अष्टमी सहा मिनिटं उशिरा आली
आणि दुसऱ्या सकाळच्या आत गेली.
एकही सूर्य तिनं पाहिला नाही.
माझा भाऊ ठाण्याला. तिकडे सूर्य ७।१४ ला,
त्याच्या भिंतीवर अष्टमी ऐसपैस बसलेली असणार.
एकच बाप, एकच चंद्र,
आणि तिथी मात्र माझ्याकडेच नाही.

दस्तगीरला म्हटलं, परत मोज.
त्यानं मोजलं. मग चहा सांगितला.

आबा वडणग्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या.
मनगटाला घड्याळ कधी बांधलं नाही.
काहिलीतला थेंब पाण्यात सोडायचे,
बोटांत गोळी वळायचे, पितळेवर टाकायचे.
टण्ण वाजली की, "उतरवा."
त्याआधी पाटील आला तरी नाही, पाऊस आला तरी नाही.
गेले ते गुऱ्हाळावरच, पहाटे तीनला,
अर्धा चंद्र चिमणीच्या बाजूला आलेला.
आमच्या हिशेबात ते तीन नव्हतेच.
पंचांगात रात्र चोवीसला संपत नाही,
सूर्य दिसेपर्यंत जुनाच दिवस पुढे ओढतात:
पंचवीस, सव्वीस, आबा सत्तावीस वाजता गेले.

संध्याकाळी आईचा फोन.
"पुढच्या साली तिथी कवा हाय गं? रजा आधी सांगाय लागतीय तुझ्या भावाला."
मी म्हटलं, बघते.
लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी म्हटलं, बघते.

घरी जाताना पाध्ये गुरुजींकडे वळले.
ते झोपाळ्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.
"क्षय ना? मग काय झालं?
सणावाराला सकाळ बघतात. मेलेल्यांना सकाळ लागत नाही.
श्राद्धाला अपराण्ह धरायचा.
दुपारी दोनला कोण आहे घरात? अष्टमी.
मग पानं वाढा."
आणि टरफलं कागदात गोळा करत,
"ठाण्यालाही तोच दिवस. दोघांनी भांडू नका."

दुसऱ्या दिवशी गॅली पुन्हा घेतली.
चित्रा, सुकर्मा, बालव, नंतर कौलव.
सगळं बरोबर होतं. एक काना सुटलेला, तो घातला.
"क्षय"च्या बारीक अक्षरांवर पेन थोडा वेळ थांबलं.
वाटलं, समासात लिहावं: टाईप मोठा करा.
नाही लिहिलं. त्या पानावर
माझ्या एकटीचाच बाप थोडाच गेलेला असणार.

आईला फोन लावला.
दिवस सांगितला, वार सांगितला, दुपारी म्हटलं.
"दुपारीच बरं," ती म्हणाली,
"सकाळी त्यांना कधी वेळ असायचा?"

खाली वखारीत हमाल ढेपा उतरवत होता.
एक सुटली, फरशीवर पडली.
आवाजावरून कळलं,
कुणीतरी घाई केली होती उतरवायची.